गुडघ्यामागची पाहुणी

२ मार्च, रविवार

सापडली! आणि कुठे सापडली — माझ्याच डाव्या गुडघ्याच्या मागे!

आंघोळ करताना हाताला तिळाएवढं काहीतरी लागलं. वाटलं खपली असेल. नखाने उचकटायला गेले तर हलेना. मग आरसा, मग भिंग, मग दुसरा आरसा. बाथरूमच्या स्टुलावर मी ज्या अवतारात उभी होते तो कुणी पाहिला असता तर पेन्शनच्या आधीच घरी बसवलं असतं. गोचीड! पोरवयातली, आठ पाय, तोंड कातडीत रुतवून निवांत बसलेली. आणि तोंडाची ठेवण लांबुडकी.

लांबुडकी! तीस वर्षं रानातल्या जनावरांच्या अंगावरचे आणि पोटातले किडे मोजण्यात गेली माझी. तोंड ओळखायला मला पुस्तक लागत नाही. अशी लांबुडकी तोंडं खवले मांजराच्या खवल्यांखाली राहणाऱ्या गोचिडीची. शेवटची पाहिली त्याला अकरा वर्षं झाली.

काल डोंगराची शेवटची फेरी होती. दिवसभर पांढरं फडकं झुडपांवरून ओढत फिरले. असलीच तर गोचीड फडक्याला येऊन चिकटते. एकही नाही. संध्याकाळी घरी आले, ह्यांच्या वाफ्यात शेंगा तोडायला बसले आणि ह्यांना म्हटलं, संपलं, यंदा ‘नाही’ लिहावं लागणार. आणि ही बया तेव्हा माझ्याच पायावर असणार!

३ मार्च, सोमवार

शांतपणे विचार केला. म्हणजे चहा तीनदा गार झाला.

गोष्ट अशी आहे. दर दहा वर्षांनी डोंगराचा फॉर्म भरायचा असतो. एकेका प्राण्यापुढे दोनच चौकोन — आहे, नाही. बाकीचे प्राणी इथे आहेत तसे चार ठिकाणी आहेत. एका खवले मांजरासाठी हा डोंगर राखून ठेवलाय, आणि ते अकरा वर्षांत कुणाला दिसलेलं नाही. ‘नाही’पुढे खूण झाली की राखण उठली. दगड फोडणारी यंत्रं रस्त्याच्या वळणावर येऊन उभीच आहेत, वर ताडपत्री घालून. मुदत ७ एप्रिल. सही माझी.

आणि ही गोचीड म्हणते — आहे! जनावर आहे म्हणून तर मी आहे.

पण पोरवयातल्या गोचिडी दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी. माझी खात्री आहे, पण माझी खात्री कोण विचारतो? मोठी झाली की पाठीवर नक्षी येते, मग आंधळाही ओळखेल. गोचिडीच्या आयुष्यात जेवणं तीनच — एक बाळपणी, एक पोरवयात, एक मोठेपणी. हे हिचं दुसरं. सहा-सात दिवस पोटभर प्यायली की गळून पडेल, तीन आठवड्यांत कात टाकेल, मोठी होईल. महिनाअखेरीला. बसतंय गणित!

म्हणजे जेवू द्यायचं. यजमान मी.

औषधाच्या बाटलीचं झाकण कापलं, वर मलमल ताणली, चिकटपट्टीने गुडघ्यामागे बसवलं. गळून पडली तर आत पडेल. कुणाला सांगायचं नाही. ह्यांना रक्ताचं नाव काढलं तरी चक्कर येते, आणि ह्यांच्या ताईंना कळलं तर त्या चिमटा तापवूनच येतील.

४ मार्च, मंगळवार

घरात सध्या पाहुण्या दोन. एक गुडघ्यामागे, एक मधल्या खोलीत. मधल्या खोलीतल्या म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण. आठ दिवसांसाठी आल्या होत्या, तिसरा महिना चालू आहे. गुडघ्यामागची निदान बोलत तरी नाही.

आज ताईंनी मला लंगडताना पाहिलं. “गुडघा धरलाय ना? मला वाटलंच. तुमच्या ऑफिसातल्या त्या खुर्च्या! बस इथे, गरम तेल लावते.” आणि खरंच वाटी घेऊन आल्या! तेल लागलं की गोचीड गुदमरून मरते. मी उडी मारून उठले. ज्या चपळाईने उठले ती पाहून ताई म्हणाल्या, “हे कसलं गुडघेदुखीचं सोंग?”

सोंग नाही म्हटलं तरी पंचाईत, हो म्हटलं तरी पंचाईत. म्हटलं, दुखणं येऊन-जाऊन आहे.

५ मार्च, बुधवार

झाकणातून पाहिलं. मसुराएवढी झालीय! रंग राखाडी. गुणाची आहे.

हे भूगोलाचे मास्तर, रिटायर होऊन चार वर्षं झाली. अजून हातात नकाशा नसेल तर जेवण जात नाही. हल्ली वाफ्यांचा नकाशा चालू आहे. शेजाऱ्यांचा कुत्रा येऊन खड्डे पाडतो म्हणे. हे दर वेळी खड्डा बुजवतात आणि कागदावर त्याची नोंद करतात. कागद फ्रिजवर चिकटवलाय. “एकदा येऊन बघ तरी. कुत्रा असा गोल उकरतो का?” म्हटलं, उद्या.

आमचं क्वार्टर डोंगराच्या पायथ्याला. मागचं कुंपण संपलं की चढ सुरू. ह्यांनी कुंपणापलीकडे पाऊल टाकलेलं नाही. दुरून डोंगर साजरे, म्हणतात. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून हेच वाक्य, आणि प्रत्येक वेळी आत्ताच सुचल्यासारखं.

६ मार्च, गुरुवार

मी मूर्ख आहे. हे लिहून ठेवते म्हणजे पुढे वाद नको.

दुपारी डबा खाताना पिपेटला सांगितलं. पिपेट म्हणजे आमच्याकडे रक्ताच्या, केसांच्या तपासण्या करणारी. चहात साखरसुद्धा मोजून घालते म्हणून हे नाव. तिला झाकण दाखवलं. मला वाटलं, टाळ्या वाजवील. तिने डबा बंद केला.

“मॅडम, कधीपासून पितेय ही?”

“पाच दिवस.”

“पहिल्या दिवशी का नाही दिलीत मला?”

म्हटलं, मोठी होऊ दे, नक्षी दिसू दे. ती हळूच म्हणाली, “नक्षी कशाला? एका पायाच्या तुकड्यावरून जात सांगितली असती. आणि मॅडम, हिचं बाळपणीचं जेवण पोटात होतं ना.”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गोचीड ज्याच्या अंगावर पहिल्यांदा जेवते त्याच्या रक्ताचा अंश तिच्या पोटात महिनोन्‌महिने राहतो. उपाशी पोटीच काढून दिली असती तर पिपेटने त्यातून थेट जनावराचं नाव काढलं असतं. खवले मांजर — पुरावा — सही-शिक्क्यासकट! आणि मी काय केलं? पाच दिवस माझं रक्त पाजून तो पुरावा बुडवला. “समुद्रात चमचाभर दूध,” पिपेट म्हणाली.

आता काढू का विचारलं. म्हणाली, आता काढून काय उपयोग? निदान नक्षी तरी बघा तुमची.

तुमची! लागलं मला. पण खोटं काय आहे त्यात? भिंगातून स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी काही मानत नाही. तीस वर्षांची खोड. पिपेटच्या यंत्रातून जे येतं ते मला आकडेच वाटत आले. कॉलेजातल्या कुठल्याही पोराने चिमट्याने काढून बाटलीत टाकली असती. तज्ज्ञ बाईंनी मात्र मांडीवर घेऊन जेवू घातलं.

घरी येऊन आडवी झाले. ताईंनी विचारलं, “फार दुखतंय का गं?” खूप प्रेमाने विचारलं. डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं गुडघा.

८ मार्च, शनिवार

पडली. साहेबांच्या मीटिंगमध्ये. कळलंसुद्धा नाही. मीटिंगनंतर बाथरूममध्ये झाकण उघडलं तर आत वाटाण्याएवढी होऊन उताणी पडलेली, पाय हवेत. इतकं खाल्ल्यावर माझंही असंच होतं.

ओलसर मातीच्या बाटलीत ठेवली. बाटली माझ्या टेबलाच्या खणात. पिपेटने न सांगता त्यावर चिठ्ठी लावली — तारीख, वजन आणि ‘यजमान: मॅडम’.

९ मार्च, रविवार

गुडघा खाजतो. आणि रिकामा रिकामा वाटतो, आता काय सांगू!

१५ मार्च, शनिवार

ताप नाही, पुरळ नाही. पिपेट रोज फोनवर टेंपरेचर विचारते, दशांश चिन्हासकट.

साहेबांना सांगून टाकलं. साहेब माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण बोलतात माझ्या सासऱ्यांसारखे. ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, समजा निघाली त्याच जातीची. ही गोचीड घोरपडीवर, रानडुकरावरसुद्धा कधीमधी सापडते, हे तुम्हीच लिहिलंय.” लिहिलंय. पान चोवीस. आपलेच दात, आपलेच ओठ.

“मला जनावर द्या,” साहेब म्हणाले. “नाहीतर जनावराचं रक्त द्या. मलाही तो डोंगर फुटायला नकोय हो.” हे मात्र खरं बोलले. चेहऱ्यावर दिसत होतं.

१६ मार्च, रविवार

ताईंचा विजय दिवस. सकाळी साखरेचा डबा सगळ्यांसमोर उघडून दाखवला. “एक तरी मुंगी आहे का? लवंगा, बाई, लवंगा! मी आल्या आल्या टाकल्या.”

खरं आहे. दरवर्षी मार्चात आमच्या ओट्यावर मुंग्यांचं राज्य असतं. कपाळाला हात लावून बसायची वेळ येते. यंदा दारात नाहीत, कट्ट्यावर नाहीत, कुठेच नाहीत. ताईंना मानलं. हे म्हणाले, “कुत्र्यावर पण चालतात का बघ लवंगा. आज अकरावा खड्डा.”

२० मार्च, गुरुवार

रजा टाकून डोंगरावर गेले, एकटीच. खवले मांजराच्या खुणा दोनच — मुंग्यांचं घर उकरलेलं, आणि धुळीत शेपटी ओढत गेल्याची रेघ. सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत वाकून वाकून फिरले. मुंग्यांची घरं धडधाकट. धूळ कोरी. कंबर मात्र गेली.

घरी आले तर हे दारातच. “आलीस? चल, उजेड आहे तोवर वाफे बघून घे.” मी म्हटलं, अहो, आज नाही हो, जीव नाही अंगात. तेव्हा हे एकदम म्हणाले, “अकरा वर्षांत कुणाला न दिसलेलं जनावर शोधायला नऊ तास आहेत तुझ्याकडे. माझे वाफे वीस पावलांवर आहेत.”

ओरडून म्हणाले असते तर मीही ओरडले असते. नकाशाची सूची वाचल्यासारखं म्हणाले आणि आत गेले. वाईट वाटलं. ह्यांचं बरोबर आहे. मला माणसाच्या अंगावर गोचीड असेल तरच माणूस नीट दिसतो.

उद्या नक्की जाईन.

२१ मार्च, शुक्रवार

गेले नाही. बाटलीत बुरशी धरू लागली होती, दिवसभर माती बदलत बसले.

२८ मार्च, शुक्रवार

कात टाकली!!

सकाळी खण उघडला तर बाटलीत एका बाजूला फिकट पोकळ कवच आणि दुसऱ्या बाजूला — काय सांगू! बदामी पाठ, वर ठिपक्यांची नक्षी. तीच! खवले मांजराचीच! भिंगाखाली धरून अर्धा तास नुसती बघत बसले. पिपेटला हाक मारली. तिने डोळा लावला आणि पहिल्यांदाच काही न मोजता म्हणाली, “सुंदर आहे हो.”

मग म्हणाली, “पण मॅडम, हा नर आहे.”

महिनाभर पाहुणी पाहुणी करत होते, निघाला पाहुणा!

कात पिपेटकडे दिली. तळाला जरा वाळलेलं रक्त आहे, बघते म्हणाली. माझी आशा चिवट, गोचिडीपेक्षा.

३० मार्च, रविवार

ताई गेल्या. जाताना माझ्या हातात तेलाची बाटली ठेवली. “गुडघा सांभाळ. आणि त्याच्याकडे बघ जरा. एकटाच बोलत असतो झाडांशी.” रिक्षा वळेपर्यंत हात हलवत होत्या. तीन महिने कधी जातील म्हणत होते, आता मधली खोली बघवत नाही.

३१ मार्च, सोमवार

साखरेतल्या लवंगा काढून टाकल्या. चहाला औषधाची चव यायची.

२ एप्रिल, बुधवार

पिपेटचा रिपोर्ट. तिने कागद हातात दिला नाही, टेबलावर ठेवला आणि माझ्यासाठी चहा आणायला गेली. तेव्हाच समजले.

गोचीड: खवले मांजरावरची, शंका नाही.
रक्त: माणूस. बाई. एकच.

म्हणजे मी.

साहेबांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचला. “बाई, कमिटीपुढे हे ठेवलं तर पहिला प्रश्न येईल — रानडुकरावरून आली नाही कशावरून? काय सांगू?” उत्तर होतं. पाच दिवस माझ्या गुडघ्यामागे बसलेलं होतं, आणि मी त्याच्यावर माझं रक्त ओतलं.

राग कुणाचाच येत नाही. स्वतःचाही येऊन येऊन दमला.

४ एप्रिल, शुक्रवार

साखरेला अजून मुंग्या नाहीत, लवंगा काढून चार दिवस झाले तरी. ताईंचा धाक बसलाय घराला!

५ एप्रिल, शनिवार

फॉर्म भरला.

सगळ्यात शेवटी ती ओळ ठेवली होती. घोरपड — आहे. रानडुक्कर — आहे. साळिंदर — आहे. मग पेन हातात धरून बसले. हे समोर बसून शेंगा सोलत होते. म्हटलं, मला माहीत आहे ते आहे, आणि मीच ‘नाही’ लिहितेय. हे म्हणाले, “मग नको लिहूस.” म्हटलं, पुराव्याशिवाय ‘आहे’ लिहिलं तर माझ्या तीस वर्षांच्या कुठल्याही ‘आहे’ला अर्थ उरणार नाही. ह्यांनी मान हलवली. मास्तर आहेत, कळलं त्यांना.

‘नाही’वर खूण केली. सही केली. अक्षर चांगलं आलं, त्याचाच राग आला.

सोमवारी द्यायचा. फॉर्म पिशवीत ठेवला. ह्यांनी माझ्या वाटणीच्या शेंगाही सोलल्या.

६ एप्रिल, रविवार

सकाळी हे पायजमा गुडघ्यापर्यंत धरून ओरडतच आत आले. पोटरीवर तिळाएवढी. तोंड लांबुडकं.

चिमटा, स्पिरिटची बाटली, झाकण. पोट चपटं होतं — आत्ताच बसली असणार. पिपेटला फोन केला. चप्पल घालतेय म्हणाली.

ह्यांना चक्कर येत होती, खुर्चीत डोळे मिटून बसले होते. विचारलं, डोंगरावर गेला होता का? “मी? कधी गेलोय? वाफ्यात होतो कालपासून.”

मग फ्रिजवरचा कागद पहिल्यांदा वाचला. चौदा खड्डे, तारखांसकट. प्रत्येकापुढे बारीक अक्षरात तेच — ‘इथे मुंग्या होत्या. आता नाहीत.’

म्हटलं, अहो, दाखवा मला तुमचे वाफे.

डोकं गरगरत असूनही उठले. माझा हात धरून एकेक खड्डा दाखवला, पहिल्यापासून, क्रमाने. चौदावा अजून बुजवलेला नव्हता. त्याच्यापासून कुंपणापर्यंत धुळीत शेपटी ओढत गेल्याची रेघ होती. ताजी.